एकशे शहात्तर कोटींची संख्या

१७६६३१९०४९, म्हणजे एकशे शहात्तर कोटी त्रेसष्ट लक्ष एकोणीस हजार एकोणपन्नास, ही संख्या सामान्य वाचकास इतर कोणत्याही दहा अंकी संख्येसारखीच दिसेल. पण हिच्या अंगी एक गुण आहे. तिचा वर्ग करून त्यातून एक वजा केला, तर जी बाकी राहते तिला ६१ ने निःशेष भाग जातो, आणि तो भागाकार पुन्हा एक पूर्ण वर्गच असतो. त्याचे वर्गमूळ २२६१५३९८०. हा गुण असलेल्या, एकाहून मोठ्या, सर्व पूर्ण संख्यांत ही सर्वांत लहान आहे. हिच्याखाली एकशे शहात्तर कोटी संख्या पडल्या आहेत. त्यांपैकी एकीलाही, एकाचा अपवाद सोडल्यास, ६१ च्या बाबतीत हे साधत नाही.

ही गोष्ट प्रथम लिहून ठेवल्याचा जो पुरावा आज हाती आहे, तो आमच्या सह्याद्रीच्या आश्रयाने राहणाऱ्या एका ग्रंथकाराचा होय. भास्कराचार्यांनी शके १०७२ मध्ये, म्हणजे इ. स. ११५० च्या सुमारास, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी सिद्धान्तशिरोमणि रचला. त्यातील बीजगणित नावाच्या भागात त्यांनी शिष्यास विचारले आहे की, कोणत्या वर्गास ६७ ने अथवा ६१ ने गुणून त्यात एक मिळविला असता पुन्हा वर्ग होतो ते सांग. सदुसष्टाचे उत्तर त्यामानाने आटोपशीर आहे: ५९६७ चा वर्ग घेऊन त्यास ६७ ने गुणावे व एक मिळवावा, म्हणजे ४८८४२ चा वर्ग येतो. एकसष्टाचे उत्तर मात्र वर दिलेले आहे. त्या उत्तराचा वर्ग केला तर ३११९८८२९८२८६०२६४४०१ ही एकोणीस अंकी संख्या येते. लीलावतीत दशगुणोत्तर स्थानांची एकापासून परार्धापर्यंत अठरा नावे दिली आहेत. तेव्हा हा वर्ग त्या नामावळीच्याही पलीकडे गेला, तो एकतीस परार्धांहून अधिक आहे. ज्याच्या भाषेत संख्येची नावे जेथे संपत होती त्याच्या पुढचे उत्तर त्याने एका साध्या श्लोकातील प्रश्नामागे ठेवून दिले, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

कोणी म्हणेल की अशी उत्तरे एकामागून एक संख्या तपासीत गेल्यानेही सापडतील. ती गोष्ट येथे संभवत नाही, आणि हेच एकसष्टाचे वैशिष्ट्य आहे. त्याचे शेजारी पाहावे. ६० साठी ४ ही संख्या पुरते: ४ चा वर्ग १६, त्याची साठपट ९६०, त्यात एक मिळविला म्हणजे ९६१, हा ३१ चा वर्ग. ६२ साठी ८ पुरते आणि वर्गमूळ ६३ येते. ६३ साठी तर १ च पुरे, कारण ६३ आणि १ मिळून ६४ होतात. दोहों बाजूंचे शेजारी असे घरातल्या घरात उत्तर देत असता मधल्या एकसष्टासाठी मात्र बावीस कोटी एकसष्ट लक्षांच्या पलीकडे जावे लागते. एखादा मनुष्य मिनिटास एक संख्या तपासून रोज आठ तास बसला, आणि त्याने वर्षातून एकही दिवस सुट्टी घेतली नाही, तरी त्यास सुमारे १२९० वर्षे लागतील. भास्कराचार्यांनी ग्रंथ लिहिला त्या दिवशी त्याने आरंभ केला असता तर आजही त्याचे काम चालूच राहिले असते. तेव्हा हे उत्तर योगायोगाने हाती लागलेले नाही. त्यामागे रीत आहे. ती रीत कोणती, आणि ती कोणाची, या दोन प्रश्नांचा विचार आम्हांस येथे करावयाचा आहे.

या जातीच्या प्रश्नास आमच्या ग्रंथकारांनी वर्गप्रकृति असे नाव दिले. गुणक संख्या, म्हणजे येथे ६१, ही प्रकृति. ज्याचा वर्ग तिने गुणावयाचा ते कनिष्ठमूळ. जे अखेर येते ते ज्येष्ठमूळ. आणि जे मिळवावयाचे अथवा वजा करावयाचे तो क्षेप. या विषयाचा पाया ब्रह्मगुप्ताने घातला. त्याचा ब्राह्मस्फुटसिद्धान्त इ. स. ६२८ चा, म्हणजे भास्कराचार्यांच्या पूर्वी पाचशे वर्षांहून अधिक जुना आहे. त्याने एक विलक्षण गोष्ट पाहिली. ज्येष्ठ, कनिष्ठ आणि क्षेप अशी दोन त्रिकुटे हाती असली, तर त्यांपासून तिसरे बनविता येते. दोन्ही ज्येष्ठांचा गुणाकार करावा, दोन्ही कनिष्ठांच्या गुणाकारास प्रकृतीने गुणून त्यात मिळवावे, म्हणजे नवे ज्येष्ठ. एकाचे ज्येष्ठ व दुसऱ्याचे कनिष्ठ असे वज्राप्रमाणे तिरपे गुणून बेरीज करावी, म्हणजे नवे कनिष्ठ. आणि दोन क्षेपांचा गुणाकार हा नवा क्षेप. या क्रियेस भावना म्हणतात. क्षेप एकदा १, २ अथवा ४, धन वा ऋण, असा आला की भावनेच्या बळावर एकाच्या क्षेपाकडे जाता येते, हेही ब्रह्मगुप्तास ठाऊक होते. ९२ ही प्रकृति घेऊन त्याने विचारलेला प्रश्न प्रसिद्धच आहे. त्याचे उत्तर कनिष्ठ १२० व ज्येष्ठ ११५१ असे येते. जो हा प्रश्न एका वर्षाच्या आत सोडवील तो गणिती, असे त्याने म्हटले आहे. या म्हणण्यात थोडा अभिमान आहे खरा, पण प्रश्नाच्या बिकटपणाची जाणीवही आहे.

ब्रह्मगुप्ताच्या रीतीत एक उणीव राहिली होती. अनुकूल क्षेप मिळाला तर पुढचा मार्ग मोकळा. पण तो मिळवावयाचा कसा, हे नशिबावर होते. ही उणीव चक्रवालाने भरून काढली. एका त्रिकुटापासून दुसरे, दुसऱ्यापासून तिसरे, असे चाकाच्या फेऱ्यांप्रमाणे करीत जावयाचे, आणि प्रत्येक फेरीस क्षेप लहानच राहील अशी काळजी घ्यावयाची, हे त्या रीतीचे मर्म आहे. वाचकांनी कागद व लेखणी घेऊन एकसष्टाचे गणित आमच्याबरोबर करून पाहावे. गुणाकार-भागाकारापलीकडे त्यात काही नाही.

६१ च्या जवळचा वर्ग ६४, म्हणून ज्येष्ठ ८, कनिष्ठ १, क्षेप ३ येथून आरंभ करू. आता असा एक गुणक शोधावयाचा की, तो ८ मध्ये मिळविला असता बेरजेस ३ ने भाग जावा, आणि त्याचा वर्ग ६१ च्या शक्य तितका जवळ असावा. १, ४, ७, १० हे गुणक पहिली अट पाळतात. त्यांत ७ चा वर्ग ४९ हा सर्वांत जवळ. मग नवे कनिष्ठ म्हणजे ८ आणि ७ यांच्या बेरजेचा तृतीयांश, ५. नवा क्षेप म्हणजे ४९ उणे ६१ यांचा तृतीयांश, ऋण ४. नवे ज्येष्ठ म्हणजे ८ व ७ यांच्या गुणाकारात ६१ मिळवून त्याचा तृतीयांश, ३९. ताळा पाहावा: ३९ चा वर्ग १५२१, आणि ५ च्या वर्गाची एकसष्टपट १५२५, अंतर चार. पहिल्याच फेरीत क्षेप ऋण चार आला, आणि येथून ब्रह्मगुप्ताची वाट मिळाली.

आता दोहोंनी भागून ज्येष्ठ साडेएकोणीस, कनिष्ठ अडीच व क्षेप ऋण एक असे धरावे. या त्रिकुटाची त्याच्याशीच भावना केली असता ज्येष्ठ १५२३ चे अर्ध, कनिष्ठ १९५ चे अर्ध व क्षेप धन एक येतो. या दोहोंची पुन्हा परस्परांशी भावना करावी. अपूर्णांक नाहीसे होतात आणि ज्येष्ठ २९७१८, कनिष्ठ ३८०५, क्षेप ऋण एक असे पूर्णांक मिळतात. २९७१८ चा वर्ग ८८३१५९५२४ आणि ३८०५ च्या वर्गाची एकसष्टपट ८८३१५९५२५, म्हणजे केवळ एकाचे अंतर, तेही उलट्या बाजूस. शेवटी याची त्याच्याशीच एक भावना: कनिष्ठ म्हणजे २९७१८ व ३८०५ यांच्या गुणाकाराची दुप्पट, २२६१५३९८०, ज्येष्ठ म्हणजे वरच्या दोन मोठ्या संख्यांची बेरीज, १७६६३१९०४९, आणि क्षेप धन एक. जे काम बाराशेनव्वद वर्षांचे होते ते एका पानावर संपले.

ज्यास ही जवळची वाट घ्यावयाची नसेल त्याने केवळ चक्रवालाच्याच फेऱ्या करीत जावे. पहिल्या त्रिकुटापासून मोजता सातव्या त्रिकुटावर क्षेप ऋण एक येतो, आणि चौदाव्यावर धन एक. युरोपात पुढे प्रचारात आलेल्या साध्या वितत अपूर्णांकांच्या रीतीने हेच उत्तर यावयास बावीस पायऱ्या लागतात.

आता या कथेचा दुसरा भाग. इ. स. १६५७ मध्ये फ्रान्सातील तुलूझ येथील न्यायाधीश व गणिती पियेर द फर्मा याने फ्रेनिकल नामक आपल्या मित्रास याच जातीचे दोन प्रश्न पाठविले. फार श्रम पडू नयेत म्हणून लहान संख्या घेतल्या आहेत असे त्याने खेळकरपणे लिहिले. त्या संख्या ६१ आणि १०९. एकशेनवाचे ज्येष्ठमूळ पंधरा अंकी आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याच्या विनोदाची चव कळते. भास्कराचार्यांनी व फर्माने, पाचशे वर्षांच्या अंतराने, एकच संख्या का निवडावी? फर्माच्या हाती भास्कराचार्यांचा ग्रंथ पोहोचल्याचा कोणताही पुरावा नाही. बीजगणिताचे फारसी भाषांतर शाहजहानच्या कारकीर्दीत, इ. स. १६३४ च्या सुमारास, अताउल्ला रशीदी याने केले होते. पण इंग्रजीत तो ग्रंथ इ. स. १८१३ मध्ये स्ट्रेचीने फारसीवरून, आणि इ. स. १८१७ मध्ये कोलब्रुकने संस्कृतावरून आणला. खरे कारण संख्येच्या स्वभावातच आहे. शंभराच्या आतील सर्व प्रकृतींत सर्वांत मोठे उत्तर एकसष्टाचेच आहे. ज्याला या विषयाची खरी जाण आहे, त्याने शिष्याची परीक्षा पाहण्यासाठी एकसष्टच घ्यावे, हे त्यामुळे ठरल्यासारखेच होते. दोन माणसे एकाच शिखरावर भेटली, ती एकमेकांच्या पावलांवरून गेल्यामुळे नव्हे, तर शिखर एकच असल्यामुळे.

फर्माचे आव्हान इंग्लंडातही गेले. तेथील गणित्यांनी प्रथम अपूर्णांकातील उत्तरे पाठविली. ती काढणे अगदी सोपे असते. पूर्णांकच पाहिजेत असे फर्माने बजावल्यावर लॉर्ड ब्रौंकर याने रीत शोधून काढली व वॉलिस याने इ. स. १६५८ मध्ये तो पत्रव्यवहार छापला. पुढे थोर गणिती ऑयलर याने चुकीच्या समजुतीने या रीतीचे श्रेय जॉन पेल या तिसऱ्याच इंग्रज गणित्यास दिले, आणि तेव्हापासून जगभरच्या पुस्तकांत या समीकरणास पेलचे नाव चिकटले आहे. ज्याचा त्याच्या उकलीशी संबंध नव्हता त्याचे नाव राहिले. ब्रौंकरचेही गेले, मग ब्रह्मगुप्ताचे कोठून राहणार? इ. स. १७६८ मध्ये लाग्रांज याने सिद्ध केले की, प्रकृति स्वतः वर्ग नसेल तर असे उत्तर नेहमीच असते, आणि रीत नेहमीच शेवटास जाते.

येथे आमच्या समाजात दोन प्रकारचे लोक दोन प्रकारची मते देताना आढळतात, आणि दोन्ही आम्हांस अपुरी वाटतात. पहिल्या पक्षाचे म्हणणे असे की, सर्व काही आमच्याकडे आधीच होते. युरोपने नवे काही केले नाही. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, आमच्याकडे नुसते आडाखे होते, शास्त्र नव्हते. या दोन्ही पक्षांनी वर केलेले गणित एकदा स्वतः करून पाहावे, अशी आमची त्यांस विनंती आहे.

पहिल्या पक्षास आमचे सांगणे असे. रीत चालते हे दाखविणे वेगळे आणि ती नेहमी चालेलच हे सिद्ध करणे वेगळे. चक्रवाल केव्हाही निष्फळ फिरत राहणार नाही, याची सिद्धता उपलब्ध जुन्या ग्रंथांत नाही. फर्मास ही उणीव दिसत होती. आपणापाशी सिद्धता आहे असे तो म्हणे, पण ती त्याने प्रसिद्ध केली नाही. ती जगापुढे प्रथम मांडण्याचे श्रेय लाग्रांजचेच आहे, आणि ते त्यास मनापासून दिले पाहिजे. इतकेच नव्हे, तर चक्रवाल हा भास्कराचार्यांचा स्वतःचा शोध आहे, ही महाराष्ट्रात फार दिवस रूढ असलेली समजूतही आता सोडावी लागते. उदयदिवाकर नावाच्या टीकाकाराने इ. स. १०७३ मध्ये लिहिलेल्या सुंदरी या टीकेत जयदेव नामक आचार्याचे या विषयावरील श्लोक उद्धृत केलेले आहेत, आणि त्यांत ही रीत आहे. कृपाशंकर शुक्ल यांनी हे इ. स. १९५४ मध्ये विद्वानांपुढे मांडले. म्हणजे भास्कराचार्यांच्या जन्मापूर्वीच ही रीत सिद्ध होती. भास्कराचार्यांनीही ती आपली म्हणून कोठे मिरविली नाही. चक्रवाल हे नाव पूर्वीचे लोक देतात असेच त्यांच्या ग्रंथात आहे. वंशजांनी जो दावा केला तो मूळ पुरुषाने केलाच नव्हता.

दुसऱ्या पक्षास आमचे सांगणे याहून कमी कडक नाही. ज्यास आडाखा म्हणतात तो एखाद्या प्रश्नापुरता असतो. भावना ही आडाखा नव्हे. ती कोणत्याही प्रकृतीस, कोणत्याही क्षेपास लागू पडणारी सर्वसामान्य क्रिया आहे, आणि तिची उपपत्ती बीजगणिताच्या चार ओळींत देता येते. आमच्या टीकाकारांनी उपपत्तीकडे पाठ फिरविली नव्हती. विदर्भातून काशीस गेलेल्या घराण्यातील कृष्ण दैवज्ञाने इ. स. १६०० च्या सुमारास बीजगणितावर लिहिलेली टीका उपपत्तींनी भरलेली आहे. प्रत्येक फेरीस गुणकाचा वर्ग प्रकृतीच्या जवळ ठेवावा, ही अट तर इतकी सूक्ष्म आहे की तिचे खरे महत्त्व फार उशिरा उमगले. इ. स. १९२९-३० मध्ये ए. ए. कृष्णस्वामी अय्यंगार यांनी चक्रवाल नेहमीच फलद्रूप होतो हे सिद्ध केले, आणि ती रीत युरोपीय रीतीची नक्कल वा कच्चे रूप नसून तिचा पाया स्वतंत्र आहे, हेही दाखविले. चौदा आणि बावीस या पायऱ्यांतील अंतराचे कारण तेच. हांकेल या जर्मन इतिहासकाराने, इ. स. १८७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात, लाग्रांजपूर्वीच्या अंकशास्त्रात याहून सुंदर असे काही नाही, अशा अर्थाचा अभिप्राय दिला. लाग्रांजचे महत्त्व जाणणाऱ्या माणसाचा तो अभिप्राय आहे, म्हणून त्याची किंमत अधिक.

मग आमचे खरे दुःख कशाबद्दल असावे? नावाबद्दल नव्हे. चाळीसगावाजवळ पाटण येथे देवीच्या देवळात एक शिलालेख आहे, डॉ. भाऊ दाजी यांनी तो इ. स. १८६५ मध्ये विद्वानांच्या नजरेस आणला. त्यात शके ११२८ चा उल्लेख असून भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठी मठ स्थापिल्याचे, आणि निकुंभ वंशातील राजांनी त्यास दान दिल्याचे सांगितले आहे. एका गणित्याच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी राजाने दान द्यावे, हे त्या काळच्या समाजास भूषणावह आहे. या परंपरेने ग्रंथ जपले, त्यांवर टीका लिहिल्या, उदाहरणे सोडविली. पण फर्मास जो प्रश्न पडला, की हे नेहमीच असे का होते, तो विचारून त्याचा शेवटपर्यंत पाठपुरावा केल्याचे आढळत नाही. उत्तर हाती असले म्हणजे प्रश्न संपला, असे वाटू लागते. आणि विद्येची वाढ खुंटते ती बहुधा येथेच. युरोपीय गणित्यांच्या हाती उत्तर आयते आलेले नव्हते, म्हणून त्यांना कारण शोधावे लागले. आमच्याकडे उत्तर इतके सुरेख होते की कारणाची निकड कोणास भासली नाही. हा कोणाचा अपराध म्हणून आम्ही सांगत नाही. पण वारसा मिळालेल्यांनी ध्यानात ठेवण्यासारखी ही गोष्ट आहे.

या संख्येचा एक लहानसा उपयोगही सांगतो. १७६६३१९०४९ यास २२६१५३९८० ने भागले असता ६१ चे वर्गमूळ येते, आणि खऱ्या मूल्याशी त्याचा फरक एक भागिले परार्ध याहूनही कमी असतो. अशा रीतीने वर्गमुळे काढण्याचा मार्ग नारायण पंडिताने इ. स. १३५६ च्या गणितकौमुदीत दाखविला आहे. आणि ज्यास ही संख्या मोठी वाटत असेल त्याने हेही जाणावे की, आर्किमिडीजच्या नावाने प्रसिद्ध असलेला सूर्यदेवाच्या गुरांचा प्रश्न अखेर याच समीकरणावर येऊन ठेपतो. त्या गुरांची संख्या २०६५४५ अंकांची आहे हे इ. स. १८८० मध्ये कळले, आणि ती पुरी लिहून काढण्यास इ. स. १९६५ मध्ये गणकयंत्राची मदत घ्यावी लागली.

ज्या घरांत मुले शाळेत वर्ग आणि वर्गमूळ शिकत आहेत, त्या घरांतील वडीलमंडळींस आमची एकच सूचना आहे. मुलांस भास्कराचार्यांचे नाव सांगण्यापूर्वी त्यांचे हे एक गणित त्यांजकडून करवून घ्यावे. आठापासून आरंभ करून एकशे शहात्तर कोटींपर्यंत त्यांस आपल्या हाताने पोहोचू द्यावे. ताळा जुळला म्हणजे मुलास जो आनंद होईल तो नुसत्या नावाच्या उच्चाराने कधीही होणार नाही. आणि ताळा जुळल्यावर त्याने हे नेहमीच असे का होते म्हणून विचारले, तर उत्तर ठाऊक नाही म्हणून त्यास गप्प बसवू नये. तो प्रश्नच या वारशाचा राहिलेला अर्धा भाग आहे.